शेजारच्या पेटीतील बाळ

आपल्या धर्मग्रामांच्या पत्रिकांतून, जयंतीच्या स्मरणिकांतून आणि क्वचित अशा त्रैमासिकांतूनही एक विशिष्ट प्रकारचे लेखन वरचेवर वाचावयास मिळते. त्याला आपण 'साक्ष' म्हणतो. साक्षीचे विषय अनेक असतात : नोकरी, परीक्षा, व्यसनमुक्ती, घराचा वाद. परंतु वाचकाच्या काळजाला हात घालणारी साक्ष असते ती आजारी नवजात बाळाची. तिचे कथानक बहुधा ठरलेले असते. बाळ दिवस भरण्यापूर्वीच जन्मते, किंवा जन्मल्यावर रडत नाही. त्याला आईच्या कुशीतून उचलून काचेच्या पेटीत ठेवले जाते. डॉक्टर 'काही सांगता येत नाही' असे म्हणतात. घरातील सर्वजण जपमाळ हाती घेतात, कोणी वेलंकणीचे तेल आणून देते, नोव्हेना सुरू होते. नवव्या दिवशी बाळ डोळे उघडते आणि डॉक्टर तोंडात बोटे घालतात. शेवटच्या परिच्छेदात वाचकाला सांगितले जाते की, ज्याची श्रद्धा दृढ असते त्याला प्रभू रिकाम्या हाताने कधी परत पाठवीत नाही.

या लेखनाची टवाळी करावी असा आमचा मुळीच हेतू नाही. उपकारस्मरण ही प्रार्थनेची फार जुनी रीत आहे. माहीमच्या संत मायकलच्या मंदिरात १९४८ पासून दर बुधवारी नित्य साहाय्य मातेची नोव्हेना होत आली आहे आणि तेथे भाविकांच्या आभाराच्या चिठ्ठ्या वाचल्या जातात. वांद्र्याच्या मोतमाउलीच्या जत्रेत मेणाचे बाळ विकत घेऊन ते मातेच्या चरणी ठेवणाऱ्या आया पुष्कळ असतात, आणि त्या सर्व ख्रिस्ती असतात असेही नाही. ते मेणाचे बाळ आणि ती चिठ्ठी हीच आपल्या साक्षलेखनाची पूर्वरूपे होत. ज्या आईचे बाळ मरणाच्या दारातून परत आले तिने गप्प बसावे, असे कोण म्हणेल? प्रश्न तिच्या कृतज्ञतेचा नाही. प्रश्न आहे तो त्या शेवटच्या परिच्छेदाचा. जेथे एक बाळ वाचले एवढ्यावरून सर्व बाळांसाठी नियम काढला जातो.

हा प्रश्न आम्हांला का पडतो ते सांगावयास हवे. आम्ही बेसा येथून लिहीत आहोत. नागपूरच्या दक्षिणेस शेतांच्या कडेला वसलेले हे खेडे गेल्या काही वर्षांत पाहता पाहता सदनिकांच्या रांगांनी भरून गेले. येथील तरुण कुटुंबे बाळाच्या जिवावर बेतले की मेडिकलला, मिहानमधील एम्सला, किंवा ऐपत असेल तर शहरातील एखाद्या खासगी इस्पितळाकडे धाव घेतात. धर्मगुरू या नात्याने अशा कक्षांच्या दाराशी उभे राहण्याचे प्रसंग आमच्यावर अनेकदा येतात. तेथे काचेच्या पेट्या एका ओळीत मांडलेल्या असतात. बाळांची नावे अजून ठेवलेली नसतात. म्हणून पेटीवर आईचे नाव, जन्माची तारीख आणि वजन एवढेच लिहिलेले असते. एका पेटीतील बाळ ज्या पहाटे डोळे उघडते त्याच पहाटे शेजारची पेटी रिकामी होते. दोन्ही आयांनी रात्रभर प्रार्थनाच केलेली असते. कधी कधी तर जपमाळही एकच असते. एकीने दुसरीला दिलेली.

म्हणून आम्ही या प्रकारच्या लेखनाला एकच कसोटी लावू इच्छितो. ज्या बाळाची ही साक्ष आहे त्याच्या शेजारच्या पेटीतील बाळ गेले असेल, तर त्या बाळाच्या आईला ही साक्ष वाचून दाखविता येईल काय? वाचून दाखविता येत असेल, तर ती ख्रिस्ती साक्ष. येत नसेल, तर तिच्यात प्रभूचे नाव कितीही वेळा आले असले, तरी कोठेतरी काही चुकले आहे असे समजावे.

ही कसोटी कल्पनेतून आलेली नाही. आमच्या धर्मग्रामातील एका तरुण आईचे बाळ बाराव्या दिवशी गेले. त्यानंतर ती रविवारच्या मिस्साला येत राहिली. मात्र बुधवारच्या नोव्हेनाला यायचे तिने थांबविले. काही महिन्यांनी आम्ही सहज चौकशी केली, तेव्हा ती म्हणाली, "फादर, तिथं आभाराच्या चिठ्ठ्या वाचतात. माझी चिठ्ठी मी कोणत्या पेटीत टाकू?" तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिला खरोखरीच ठाऊक नव्हते. मंदिरात विनंतीसाठी पेटी होती, आभारासाठी होती. तिच्या चिठ्ठीसाठी नव्हती. आपल्या साहित्यातही ती नाही, हे आमचे म्हणणे आहे.

मग आपल्या लेखनात गेलेल्या बाळाचे काय होते? पुष्कळदा ते येतच नाही. आलेच तर 'देवाची इच्छा' या दोन शब्दांखाली झाकले जाते. या दोन शब्दांकडे जरा बारकाईने पाहावयास हवे. बाळाच्या जन्मानंतर पाचव्या किंवा सहाव्या रात्री सटवाई येते आणि त्याच्या कपाळी त्याचे भविष्य लिहून जाते, अशी आपल्या महाराष्ट्रात जुनी समजूत आहे. पाटावर कोरा कागद नि लेखणी ठेवण्याची रीत अनेक घरांत आजही पाळली जाते. सटवाईने एकदा लिहिले की ते पुसता येत नाही. तिच्याशी वाद घालता येत नाही आणि तिच्यापुढे रडून उपयोग नसतो. आपण ख्रिस्ती लोक पाटावर कागद ठेवीत नाही. परंतु ज्या सुरात आपण 'देवाची इच्छा होती' असे म्हणतो तो सूर कोणाचा आहे? प्रभू येशूने ज्याला 'अब्बा' म्हणून हाक मारली त्या पित्याचा, की त्या रात्रीच्या अबोल लेखिकेचा? नाव बदलले, लेखणी तीच राहिली, असे झाले असेल तर ते श्रद्धेचे लेखन नव्हे. ते दैववादाला दिलेले ख्रिस्ती नाव आहे.

जो विलाप आपल्या साक्षींतून गळून पडला तो मराठी काव्याने मात्र जपून ठेवला आहे. गोविंदाग्रजांची 'राजहंस माझा निजला' ही कविता ज्यांनी शाळेत असताना वाचली असेल त्यांना ती विसरता येणार नाही. राम गणेश गडकरी यांचे निधन आपल्या नागपूर जिल्ह्यातील सावनेर येथे २३ जानेवारी १९१९ रोजी झाले आणि 'वाग्वैजयंती' हा त्यांचा काव्यसंग्रह त्यानंतर १९२१ साली प्रसिद्ध झाला. या कवितेतील आईच्या मांडीवर तिचे बाळ गेलेले आहे. पण ते गेले हे ती मान्य करीत नाही. ते निजले आहे, कोणी आवाज करू नका, असे ती भोवतालच्या लोकांना बजावीत राहते. समीक्षकांनी या कवितेतील भावविवशतेवर आक्षेप घ्यावा, आणि त्यात काही तथ्यही आहे. परंतु कवीने एक गोष्ट कटाक्षाने पाळली आहे : तिची समजूत घालण्याची घाई त्याने केलेली नाही. भोवतालच्या शहाण्या माणसांची बाजू न घेता तो त्या वेड्या आईच्या बाजूस बसून राहतो.

हे बसून राहणे आपल्या धर्मग्रंथाला परके आहे काय? मत्तयाने प्रभूच्या जन्माची वार्ता सांगितली आणि लगेच पुढे बेथलेहेममधील बालकांच्या हत्येची कथा सांगितली. तेथे त्याने यिर्मयाच्या ग्रंथातून राहेलीला बोलावून आणले. ती आपल्या मुलांसाठी रडते आहे आणि सांत्वन नाकारते आहे. शुभवर्तमानकाराने तिला कोठेही दटावलेले नाही; तिच्या श्रद्धेत उणे काढलेले नाही; तिच्या आसवांपुढे एखादे तात्पर्यही जोडलेले नाही. दर वर्षी २८ डिसेंबरला ख्रिस्तसभा निष्पाप बालकांचा सण पाळते तेव्हा ही न समजावलेली आई मंदिरात वाचली जाते. नाताळच्या आठवड्यातच तिला जागा मिळाली आहे. मग साक्षीच्या पानावर तिला जागा का मिळू नये?

मराठी ख्रिस्ती गद्यात या दृष्टीने एक मोठा आधार आपल्यापाशी आहे. लक्ष्मीबाई टिळक आपल्या पंथाच्या नव्हत्या. परंतु 'स्मृतिचित्रे' हा ग्रंथ सर्वच मराठी ख्रिस्ती वाचकांचा ठेवा आहे. १९३४ ते १९३६ या काळात तो प्रसिद्ध झाला. दत्तूच्या आधी झालेली मुले लक्ष्मीबाईंनी गमावली होती. ही दुःखे सांगताना त्यांची भाषा बदलत नाही. ज्या साधेपणाने त्या वडिलांचे सोवळे किंवा टिळकांचे विक्षिप्तपण सांगतात त्याच साधेपणाने हेही सांगतात. विशेष असे की, त्या हे सर्व लिहितात ते ख्रिस्ती झाल्यावर पुष्कळ वर्षांनी. मागे वळून, ती मुले गेली त्यातच पुढच्या कृपेची योजना होती, असा सोयीचा हिशेब जुळविणे त्यांना अवघड नव्हते. तसा हिशेब त्या मांडीत बसत नाहीत. मुले होती आणि गेली. श्रद्धा लाभली ती पुढे लाभली. दोन्ही खरे, आणि एकाच्या बदल्यात दुसरे नव्हे. हा लेखनातील प्रामाणिकपणा आम्हांला फार मोलाचा वाटतो.

आता ज्या लेखनाची आम्ही मुख्यत्वे ओळख करून देऊ इच्छितो तिकडे वळू. तेही एका आईचे आहे, आणि ती आई कॅथलिक आहे. बाल येशूच्या संत तेरेझेची आई झेली मार्टिन हिची दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. फ्रान्समधील आलांसों या गावी ती लेस विणवून घेण्याचा व्यवसाय करीत असे. कामाच्या धबडग्यातून वेळ काढून ती लिझ्यू येथे औषधांचे दुकान चालविणाऱ्या आपल्या भावाला, भावजयीला आणि मुलींना पत्रे लिही. तिची एक बहीण व्हिजिटेशन संघात धर्मभगिनी होती. हा संघ ज्यांनी स्थापिला ते संत फ्रान्सिस दि सेल्स आपल्या नागपूरच्या कॅथेड्रलचे आश्रयदाते आहेत. तेव्हा हे घर आपल्याला अगदीच दूरचे नाही. ही पत्रे छापण्यासाठी लिहिलेली नव्हती. त्यांत लेसच्या मागण्या आहेत, मुलींचे आजार आहेत, पैशांची चिंता आहे. म्हणूनच साक्षलेखनाचा आदर्श म्हणून ती वाचावीत.

झेलीला नऊ अपत्ये झाली. त्यांपैकी चार १८६७ ते १८७० या चार वर्षांत गेली : दोन मुलगे वर्षाचे होण्याआधी, एक मुलगी पाच वर्षांची असताना, आणि आणखी एक मुलगी दोन महिन्यांचीही झाली नव्हती तेव्हा. दोन्ही मुलग्यांची नावे संत योसेफाच्या नावावरून ठेवली होती. घरात संत योसेफाचा पुतळा होता आणि त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्या नसतील असे संभवतच नाही. तरी ते गेले. पुढे २ जानेवारी १८७३ रोजी तेरेझा जन्मली. काही आठवड्यांतच आतड्याच्या विकाराने ती इतकी खंगली की, अंगावरचे दूध मिळाले तरच जगेल असे डॉक्टरांनी सांगितले. झेलीला ते पाजता येत नव्हते. ती पहाटे एकटी निघाली आणि सुमारे आठ किलोमीटरवरील सेमाले या खेड्यातून रोझ नावाच्या शेतकरणीला घेऊन आली. याच बाईने पूर्वी त्या दोन्ही मुलग्यांना पाजले होते. बाळाला पाहून तिने मान हलविली. आता काही उपयोग नाही, असे तिचे मत दिसले.

त्यानंतर काय घडले ते झेलीने पत्रात लिहिले आहे. ती माडीवरच्या खोलीत गेली, संत योसेफाच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकले, बाळ बरे व्हावे असे स्पष्ट मागितले, आणि तसे न झाले तर देवाच्या इच्छेला मान तुकविण्याची तयारी ठेवली. खाली आली तर बाळ आवडीने दूध पीत होते. थोड्या वेळाने मात्र ते दाईच्या छातीवर निपचित पडले. श्वास दिसेना. सर्वजण रडू लागले. बाळ गेले असे झेलीला वाटले आणि निदान इतक्या शांतपणे गेले याबद्दल तिने देवाचे आभारही मानले. पाव तास गेला. मग त्या बाळाने डोळे उघडले आणि हसले.

आपल्या एखाद्या साक्षलेखकाच्या हाती हा प्रसंग आला असता तर त्याने लेख येथेच संपविला असता, आणि शेवटी दृढ श्रद्धेचे फळ सांगितले असते. झेली तसे करू शकत नाही. कारण तिच्याच पत्रांच्या गठ्ठ्यात त्या दोन मुलग्यांच्या मृत्यूची पत्रे आहेत. आई तीच, घर तेच, पाजणारी बाई तीच, ज्याच्याकडे मागणे मागितले तो संतही तोच. एकदा बाळ वाचले. दोनदा वाचले नाही. १८६८ साली तिची श्रद्धा कमी होती आणि १८७३ साली वाढली, असा सिद्धांत ही पत्रे वाचून कोणालाही काढता येणार नाही. ज्यांना तो काढावयाचा असेल त्यांनी पत्रांतील निम्मी फाडून टाकावी लागतील. आमच्या मते या पत्रव्यवहाराची थोरवी येथे आहे : शेजारच्या पेटीतील बाळही याच घरचे आहे.

दुसरीही एक गोष्ट ही पत्रे शिकवितात. चार मुले गेल्यावर लोक तिला म्हणू लागले की, ही मुले झालीच नसती तर बरे झाले असते. हे बोलणे आपल्याला सहन होत नसे, असे तिने १८७१ साली आपल्या भावजयीला लिहिले. भावजयीचेही बाळ तेव्हा नुकतेच गेले होते. त्या मुलांसाठी घेतलेले श्रम वाया गेले असे तिला वाटत नव्हते, कारण ती मुले कायमची हरवली असे ती मानत नव्हती. दुःख मोठे झाले हे ती लपवीत नाही आणि आशाही सोडीत नाही. एका आईने दुसऱ्या आईला लिहिलेले हे पत्र म्हणजे शेजारच्या पेटीपाशी जाऊन बसणेच होय.

येथे कोणी म्हणेल की, मार्टिन दांपत्याला संतपद मिळाले ते तरी चमत्कारांमुळेच ना? खरे आहे, आणि ते दोन्ही चमत्कार नवजात बालकांचेच आहेत. २००८ साली त्यांना धन्य घोषित करण्यासाठी जो चमत्कार मान्य झाला तो इटलीत मोन्झा येथे २००२ साली जन्मलेल्या, फुप्फुसांत जन्मजात दोष असलेल्या मुलाचा. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संत घोषित केले त्याआधी मान्य झालेला दुसरा चमत्कार स्पेनमधील वॅलेन्सिया येथे २००८ साली दिवस भरण्यापूर्वी जन्मलेल्या आणि मेंदूत रक्तस्राव झालेल्या मुलीचा. दोघेही इस्पितळात, यंत्रांच्या आधारावर होते. परंतु या निर्णयांचे बारकाईने वाचन करावे. पहिले म्हणजे, डॉक्टरांनी वैद्यकीय कागदपत्रे तपासून स्पष्टीकरण सापडत नाही असे म्हटल्यावाचून ख्रिस्तसभा पुढे जात नाही. म्हणजे तेथे डॉक्टर हे श्रद्धेकडून हरलेले प्रतिपक्षी नसून साक्षीदार आहेत. दुसरे असे की, त्या आईबापांनी ज्यांच्याकडे मध्यस्थी मागितली त्यांची स्वतःची चार मुले गेलेली होती. ज्यांच्या प्रार्थनेला 'नाही' असे उत्तर मिळाले होते तेच आज इतरांच्या आजारी बाळांचे कैवारी आहेत. चमत्काराच्या या कथेतही रिकामी पेटी आहेच. ती मध्यस्थांच्या घरात आहे.

आता एका अवघड पाठाकडे वळले पाहिजे, कारण आजारी बाळाच्या संदर्भात तो पुष्कळदा अर्धवट सांगितला जातो. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकातील बाराव्या अध्यायात दाविदाचे तान्हे बाळ आजारी पडते. बाळ जगणार नाही असे संदेष्ट्याने सांगितलेले असूनही दावीद उपवास करतो, रात्रंदिवस जमिनीवर पडून राहतो. सातव्या दिवशी बाळ जाते. तेव्हा तो उठतो, स्नान करतो, परमेश्वराच्या मंदिरात जातो आणि मग जेवतो. चाकरांना याचा उलगडा होत नाही. या कथेतील दावीद थोर आहे तो यासाठी, की जोवर बाळाचा श्वास आहे तोवर तो भविष्यवाणीलाही लेख मानीत नाही. सटवाईपुढे असे कोणी लोळण घेत नाही. ज्याचे मन वळू शकते अशा देवापुढेच माणूस लोळण घेतो.

मात्र ही कथा दाविदाच्या पापाशी जोडलेली आहे आणि तेथेच धोका आहे. पेटीजवळ बसलेली आई आधीच स्वतःला विचारीत असते की, माझे काय चुकले? सातव्या महिन्यात आपण प्रवास केला म्हणून? लग्नाआधीची एखादी गोष्ट? अशा आईपुढे ही कथा सोडून देणे म्हणजे तिच्या जखमेवर मीठ चोळणे होय. योहानाच्या शुभवर्तमानातील नवव्या अध्यायात जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता आणि प्रभूने त्या माणसाला व त्याच्या आईबापांना, दोघांनाही दोषमुक्त केले होते. दाविदाची कथा सांगणाऱ्याने प्रभूचे हे उत्तरही त्याच दमात सांगितले पाहिजे.

'देवाची इच्छा' या शब्दांनी आणखी एक अनर्थ होतो. ज्याचा जाब माणसाला विचारावयास हवा तो देवाच्या नावावर टाकला जातो. झेलीची दोन महिन्यांची मुलगी गेली तिला सांभाळणाऱ्या दाईने उपाशी ठेवल्यामुळे. हे झेलीला ठाऊक होते आणि तिने ते लिहिले. आपल्या शेजारच्या भंडारा शहरात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. तेथे सतरा बाळे होती. सात वाचविता आली, दहा गेली. ती आग कोणाच्या कपाळी लिहिलेली नव्हती. त्या आयांपुढे देवाची इच्छा उच्चारणे हे श्रद्धेचे नव्हे, निंदेचे वचन ठरले असते.

याच विदर्भात या शब्दांना कृतीने उत्तर दिले गेले आहे. नागपूरच्याच वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात गावातील स्त्रियांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यावयास शिकविले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार त्या गावांतील नवजात बालमृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. बाळाला ऊब देणे, अंगावरचे दूध देणे, जंतुसंसर्ग वेळीच ओळखून औषध देणे, अशा गोष्टींनी हे साधले. महाराष्ट्रातील बालमृत्यूंविषयी २००१ साली जो अहवाल निघाला त्याला 'कोवळी पानगळ' असे नाव दिले होते. समीक्षकाने या नावाकडे लक्ष द्यावे. पानगळ निसर्गाची असते, पण ती जून पानांची. कोवळे पान गळते तेव्हा काहीतरी बिघडलेले असते. आपल्या साक्षींत हा विवेक यावयास हवा : कोणते दुःख देवापुढे नुसते ठेवावयाचे आणि कोणते शासनाकडे, इस्पितळाकडे, घरातल्या मोठ्या माणसांकडे जाब म्हणून न्यावयाचे.

आणखी एक भीती आहे, ती आपल्या कुटुंबांच्या मनात खोलवर रुतलेली आहे आणि आपल्या लेखनाने ती दूर केलेली नाही. स्नानसंस्कारापूर्वीच बाळ गेले तर त्याचे काय? आपल्या आजीच्या पिढीने 'लिंबो'चे नाव ऐकले होते. तो धर्मपंडितांचा तर्क होता. ख्रिस्तसभेने तो श्रद्धासिद्धांत म्हणून कधीही घोषित केला नव्हता. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने अशा बालकांना देवाच्या दयेवर सोपविले आणि २००७ साली आंतरराष्ट्रीय ईशज्ञान आयोगाने या विषयावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध करून त्यांच्या तारणाची आशा बाळगण्यास भक्कम आधार आहे असे प्रतिपादन केले. बाळाच्या जिवाला धोका असेल तर विलंब न लावता स्नानसंस्कार द्यावा असे धर्मविधान सांगते. आणि धर्मगुरू वेळेवर पोहोचू शकत नसेल तर बाप, आई, आजी, परिचारिका, योग्य हेतू असलेली कोणतीही व्यक्ती पाणी ओतून, त्रैक्याच्या नावाने तो देऊ शकते. काचेच्या पेटीतील बाळाच्या कपाळावर कापसाच्या बोळ्याने ओघळलेले चार थेंबही पुरतात. स्नानसंस्कार व्हावयाचा राहिला, तरी आईबापांची तशी इच्छा होती एवढ्यावर बिशपांच्या अनुमतीने बाळाचा ख्रिस्ती अंत्यविधी करता येतो. किती साक्षींत या गोष्टी लिहिलेल्या आढळतात? वाचकाला त्यांची गरज चमत्काराच्या कथेहून अधिक आहे.

तर मग साक्ष कशी लिहावी? आमची अपेक्षा मोठी नाही. बाळ वाचले असेल तर आनंदाने लिहावे. पण त्या कक्षात आणखी किती पेट्या होत्या तेही लिहावे. रात्रपाळीची परिचारिका, औषधाची मात्रा थेंबाथेंबाने मोजणारा शिकाऊ डॉक्टर, दाराबाहेर वर्तमानपत्र अंथरून झोपलेला बाप, डबा घेऊन दोन बस बदलून येणारी आजी, यांनाही साक्षीत जागा द्यावी. देव बहुधा यांच्याच हातांनी काम करीत होता. प्रार्थना केली असे नुसते न लिहिता, काय मागितले आणि मागताना कोणती भीती वाटली तेही लिहावे. 'श्रद्धा होती म्हणून' या शब्दांतील 'म्हणून' गाळावा. श्रद्धा होती एवढेच लिहावे. आणि बाळ गेले असेल तरीही लिहावे. त्याचे वजन किती होते, त्याची बोटे कशी होती, त्याला कोणते नाव द्यावयाचे ठरले होते, ते लिहावे. देवावर रुसवा आला असेल तर तोही लिहावा. स्तोत्रसंहितेत तसा रुसवा पुष्कळ आहे आणि तो आपण मिस्सामध्ये मोठ्याने वाचतो.

ज्या आईने आम्हांला चिठ्ठीविषयी विचारले तिच्यासाठी मंदिरात आता एक तिसरी पेटी ठेवली आहे. तिच्यावर काही लिहिलेले नाही. तिच्यात पडलेल्या चिठ्ठ्या वाचून दाखविल्या जात नाहीत. मिस्साच्या वेळी त्या वेदीजवळ ठेवल्या जातात. त्यांपैकी एखादी चिठ्ठी, लिहिणारीची इच्छा असेल तर, एक दिवस या त्रैमासिकात साक्ष म्हणून छापून यावी. तिच्यात शेवटच्या परिच्छेदातील तात्पर्य नसेल. आपल्या कुटुंबांतील अनेकजणी ती वाचून, इतके दिवस न लिहिलेली आपली चिठ्ठी लिहावयास घेतील, अशी आम्हांला आशा आहे.